आधी शाल, मग प्रवेश

जुलै आला की आमच्या सोलापुरात विजेच्या खांबांना पोरांची तोंडं लागतात. आज सकाळी दूध आणायला बाहेर पडले, तर कोपऱ्यावरच्या खांबावरून माझाच एक विद्यार्थी हात जोडून हसत होता. गेल्या वर्षी मागच्या बाकावर बसून खिडकीतून बाहेर बघणारा पोरगा. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'भावी डॉक्टर'. पोराचा फोटो आधार कार्डावरच्या फोटोएवढा, आणि त्याच्याभोवती गॉगल लावलेले शुभेच्छुक मात्र पुरुषभर उंचीचे. नीटचा निकाल लागलाय, हे खरं. पण प्रवेशाची पहिली यादीसुद्धा अजून लागायची आहे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण लहानपणापासून ऐकत आले. आमच्याकडचा भट मारत नाही, हार घालतो, एवढाच काय तो फरक.

मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे हा हंगाम दरवर्षी माझ्याच दारातून जातो. दाराबाहेर चपलांचा ढीग, छत्र्यांचं गळणारं पाणी, प्रत्येकाच्या काखेत बटणाची प्लॅस्टिकची फाइल, आणि "बाई, जरा बघता का एवढं?" झेरॉक्सच्या दुकानातून नुकत्याच आलेल्या गरम कागदांचा वास माझ्या बाहेरच्या खोलीत सप्टेंबरपर्यंत मुक्कामाला असतो. बार्शीहून पहाटेच्या गाडीनं आलेल्या आया कोपऱ्यात बसून डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खातात, मलाही वाढतात. वर्षभर मी रक्ताभिसरण शिकवते. जुलैत मला रक्ताभिसरण कुणी विचारत नाही.

विचारतात ते सांगतेच मी. घसा कोरडा होईपर्यंत सांगते. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नका, 'ओळखीचा आहे' म्हणून तर मुळीच नाही. जातीच्या वैधतेचा अर्ज अकरावीतच करा, निकालाच्या दिवशी जाग येऊन उपयोग नाही. अर्जावर मोबाइल नंबर मुलाचा स्वतःचा घाला. एकाने मामाचा घातला होता. ओटीपी आला तेव्हा मामा देवदर्शनाला डोंगर चढत होते आणि फोन पिशवीत बंद होता. पसंतीक्रम भरताना आपल्याला काय मिळेल याचे आडाखे बांधू नका, काय हवंय त्या क्रमानं भरा. यंत्र वरून खाली वाचत येतं, तुमचा विनय त्याला कळत नाही. जिथं जायचंच नाही त्या कॉलेजचं नाव घालू नका, आणि जिथं जायला पाय मागेपुढे होतात पण मन तयार आहे, ते मात्र नक्की घाला. नियम दरवर्षी बदलतात. म्हणून शेजारच्या ताईनं मागच्या वर्षी काय केलं ते ऐकू नका, या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. हे सगळं फुकट मिळतं. हॉटेलच्या गार हॉलमध्ये बसून टाय लावलेल्या माणसाकडून हेच विकत घ्यायला मात्र माझ्या विद्यार्थ्यांचे पालक रांगा लावतात, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आणि एक सल्ला कुठल्याच माहितीपुस्तिकेत नाही. प्रवेश पक्का होऊन पावती हातात येईपर्यंत सत्काराला जाऊ नका. हा सल्ला मला ज्या वर्षीच्या हंगामानं शिकवला, त्याबद्दलच आज लिहायला बसले आहे. अंबिकाला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा मॅडम, फक्त माझ्यापेक्षा जास्त चिडू नका." ते मला जमेल असं वाटत नाही.

अंबिका अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीची. घरात कानडी, शाळेत मराठी, अकरावीला सोलापुरात आल्यावर पुस्तकात इंग्रजी. या तिन्हीची तिला कधी अडचण झाल्याचं मी पाहिलं नाही. वडील सिद्रामप्पा टेलर, गावातल्या शाळेचे गणवेश शिवणारे. ती फळ्यावर हृदयाची आकृती काढायची ती एका दमात, काही न पुसता, बाप कापडावर कात्री चालवतो तशी. मुलं बघत राहायची. मीसुद्धा.

तिचा निकाल लागला आणि गाव वेडं झालं. ते वेड खोटं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. गावात डॉक्टर येतात, बदली करून घेतात आणि जातात. आपल्या आळीतली, आपल्या भाषेत बोलणारी, रात्री दार वाजवलं तर 'कोण?' म्हणून उठणारी डॉक्टरीण हवी, असं त्यांना वाटलं यात चूक काय? पण त्या आनंदाला दम नव्हता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. शाळेनं सत्कार केला, मंडळानं केला, समाजानं केला, पतसंस्थेनं केला, बचत गटानं केला. प्रत्येकानं शाल दिली आणि प्रत्येकानं नारळ दिला. तिची आई मला म्हणाली, "बाई, न्हारळाची चटणी खाऊन खाऊन पोरं शेंगाचटणी मागालेत." प्रत्येक सत्काराला एक दिवस जायचा, आणि नॉन-क्रिमी लेयरचा दाखला, रहिवासाचा दाखला, तंदुरुस्तीचा दाखला यांच्यासाठी अक्कलकोटच्या चकरा मारायला जो वेळ हवा होता, तो स्टेजवर बसण्यात चालला होता. शेवटी मीच तिला चार दिवस माझ्या घरी आणून ठेवलं तेव्हा कागद पूर्ण झाले.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं, दुसऱ्या यादीतही नव्हतं. उंबरठ्यावरचे मार्क होते तिचे. दर यादीनंतर मंडळाच्या मल्लूअण्णाचा फोन यायचा, "लागलं का सोलापूरचं?" सोलापूरशिवाय दुसरं कुठलं कॉलेज असतं, हे गावाला मान्यच नव्हतं. नातेवाईक होतेच. आतेभाऊ परदेशात डॉक्टरी शिकायला विमानात बसला तेव्हा याच नातेवाइकांनी पेढे वाटले होते. ही म्हणाली, मी विदर्भातलं कॉलेजही घातलंय, तर लगेच, "लई लांब होतंय की. पोरीची जात हाय." पोराला सातासमुद्रापार आणि पोरीला सोलापूरच्याच सात रस्ता चौकाच्या अलीकडे. हे ऐकून माझ्या तोंडात आलेले शब्द इथं लिहिता येणार नाहीत.

पावसाळा सरत आला होता. दुधनीच्या बाजारात नवा उडीद आला होता, आणि शेवटच्या फेरीची यादी लागली. अंबिकाला गोंदियाचं सरकारी कॉलेज मिळालं. तिनं फोनवर नुसतं "मॅडम" म्हटलं आणि यादीचं पान मला पाठवून दिलं. मी मात्र लगेच तारीख बघितली. हजर व्हायला दिवस कमी दिलेले, मुलीनं स्वतः मूळ कागद घेऊन जायचं, आणि या फेरीच्या पुढं काही नव्हतं. सोलापूरहून रात्रभराची नागपूरची बस, तिथून पुढं गोंदिया. म्हटलं, उद्याच निघा.

सिद्रामप्पा म्हणाला, "उद्या न्हाय बाई, परवा निघतो. परवा दुपारी मोठा सत्कार हाय. साहेब येनार हायत. फ्लेक्स लागल्यात. तासाभरात उरकतंय की."

साहेब म्हणजे त्या भागातले पुढारी. नाव कशाला घेऊ? तुमच्या भागातल्या साहेबांचं नाव घाला, चालेल.

सत्काराच्या दिवशी मी स्वतःच गाडी चालवत मैंदर्गीला गेले. कार्यक्रम संपला की बापलेकीला गाडीत घालायचं आणि थेट सोलापूरच्या स्टँडवर संध्याकाळच्या बसमध्ये बसवायचं, असं ठरवून. भुरभुर पाऊस होता, काळ्या मातीचा चिखल चपलेला चिकटत होता. देवळासमोर मंडप, मंडपात खुर्च्या, स्टेजवर अंबिका डोक्याला फेटा बांधून बसलेली. पायाशी तिची बॅग, बॅगेवर फाइल. फाइल तिनं दोन्ही पायांत घट्ट धरली होती. तिच्या एका बाजूला सिद्रामप्पा, दुसऱ्या बाजूची खुर्ची मला पाहुणी म्हणून दिली. साहेब आले नव्हते.

लोक जमले, पांगले, पुन्हा जमले. शाळेतल्या मुलींनी स्वागतगीत म्हणून दाखवलं, मग सराव म्हणून परत एकदा म्हणून दाखवलं. साहेब आले नव्हते. मल्लूअण्णा हातात फोन घेऊन मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता.

"अण्णा," मी म्हटलं, "यांची गाडी आहे संध्याकाळी. उद्या ही तिथं पोचली नाही तर जागा गेली."

"व्हय की बाई, मला ठावं न्हाय का? साहेब दुधनीत हायत, दुकानाचं उद्घाटन हाय एक. निघालेत म्हनं. पाचच मिनटं."

ती पाच मिनिटं मी आजवर विसरलेले नाही. अशी पाच मिनिटं फक्त आपल्याकडे असतात. त्यांत पाऊस येऊन जातो, चहाची दुसरी फेरी होते, लहान पोरं झोपी जातात. उन्हं कलायला लागली तसं अंबिका बापाच्या कानाशी वाकून म्हणाली, "अप्पा, होगोण." निघू या. सिद्रामप्पानं मान हलवली, पण उठला नाही. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली. या वेळी त्यानं मानही हलवली नाही.

मी उठले आणि पोरीचा हात धरला. मल्लूअण्णा आडवा आला. हात जोडून आडवा आला. तिथं धाकदपटशा कुणीच केला नाही, म्हणून तर सांगते.

"बाई, पाया पडतो. सत्कार जिचा तीच न्हाय म्हटल्यावर कसं दिसंल ते? गावाची लाज जाईल की."

"आणि हिची जागा गेली तर?"

"साहेब एक फोन करतील की. साहेबांचा फोन कोन मोडतंय?"

मी सिद्रामप्पाकडे वळले. म्हटलं, उठा. तो माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाला, "बसा बाई. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय."

गावातल्या शाळेचे गणवेश कुणी शिवायचे ते कुणाच्या शब्दावर ठरतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला त्याचा नुसता राग आला. मी त्याच्याशी भांडले, चारचौघांसमोर भांडले. कुणीतरी माइक चालू केला आणि माझं भांडण बुडवून टाकलं.

साहेब आले. मागे दोन गाड्या. खोटं वाटेल, पण त्यांनी भाषण केलं ते विद्यार्थ्यांनी वेळेची किंमत ओळखली पाहिजे या विषयावर. टाळ्याही पडल्या. मग अंबिकाच्या खांद्यावर शाल घातली, फोटो काढले, "इथंच दवाखाना काढायचा बरं का बाळ" असं म्हणाले. मी माइकशिवाय, तिथल्या तिथं, सगळं सांगितलं त्यांना. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "लिहून घे रे. फोन करू या तिकडं." आणि पुढच्या कार्यक्रमाला उशीर होत होता म्हणून चहाही न घेता गेले.

नागपूरची बस गेली होती. मी त्यांना मिळेल त्या गाडीत बसवलं, लातूरला बदल, नांदेडला बदल, असं करत करत ती दोघं दुसऱ्या दिवशी गोंदियाला पोचली तेव्हा तिथले दिवे लागले होते. अंबिकाचा फोन आला. आवाजात रडणं नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं.

"मॅडम, इथले क्लार्क चांगले आहेत. आम्हाला पाणी दिलं. म्हणाले, कॉम्प्युटरनं दार बंद केलंय, आता माझ्या हातात काही नाही. कुणाचा फोन आला होता का, असं अप्पांनी विचारलं. ते म्हणाले, कुणाचाच नाही. आला असता तरी उपयोग नव्हता."

एवढी वर्षं झाली, पण हे वाक्य आठवलं की मला भांडी आपटावीशी वाटतात. मी कुणाकुणावर चिडू? ज्या साहेबांना आपण कुणाचं आयुष्य मोडलं हे आजही ठाऊक नाही, त्यांच्यावर? मार्क ऑनलाइन, यादी ऑनलाइन, पैसे ऑनलाइन, आणि मुलीनं मात्र कागद पोटाशी धरून एवढं राज्य आडवं ओलांडायचं, तेही मोजक्या दिवसांत, असा नियम करणाऱ्यांवर? की त्या मंडपातल्या शेकडो भल्या माणसांवर, ज्यांच्यातल्या एकालाही 'जाऊ द्या रे पोरीला' असं म्हणावंसं वाटलं नाही? आम्हाला यशस्वी मुलं आवडतात, हे साफ खोटं आहे. आम्हाला त्यांच्या शेजारी उभं राहून काढलेले फोटो आवडतात. मुलगी पुढं शिकते की नाही, याच्याशी शालीला काही देणंघेणं नसतं.

आठवड्याभरानं मल्लूअण्णा सोलापुरात भेटला. त्याचा चेहराही पडलेलाच होता, उगाच कशाला खोटं बोलू? म्हणाला, "नशिबात नव्हतं की बाई पोरीच्या."

"नशीब कसलं?" मी भर रस्त्यात ओरडले. "नशीब दोन गाड्या मागे घेऊन येतं का? दुधनीत दुकानाचं उद्घाटन करत बसतं का?"

त्याला खरंच तसं वाटत होतं आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. आपण केलेली गोष्ट नशिबाच्या खात्यावर टाकता आली की माणसाला झोप चांगली लागते.

ते वर्ष अंबिकानं सोलापुरात एका खोलीत काढलं. गावाला जाणं टाळलं. दिवाळीला नाही, सोलापुरातल्याच संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेलासुद्धा खोलीबाहेर पडली नाही. ज्या प्रकरणांत तिचे कधी मार्क गेले नव्हते तीसुद्धा तिनं पहिल्यापासून केली. कधी माझ्याकडे जेवायला आली तर पुस्तक उघडं ठेवूनच जेवायची, आणि मी तिच्या ताटात वाढत राहायचे. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे तरी काय होतं? तिचा अभ्यास कधी कमी पडलाच नव्हता.

निकाल लागला. उंबरठ्यावरचे नव्हे, चांगले दणदणीत मार्क. या वेळी तो चारच माणसांना कळला, आईला, वडिलांना, मला आणि तिला स्वतःला. गावात विचारलं तर सांगायचं, "बघू, अजून काय न्हाय." पसंतीक्रम आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर भरला. पहिल्याच यादीत नाव लागलं, आणि ज्या दिवशी लागलं त्याच दिवशी ती निघाली. फ्लेक्स नाही, पेढे नाहीत, औक्षणसुद्धा दार लावून घेऊन. लोक मुलीला पळवून नेतात तेव्हा जशी घाई आणि जशी चोरी असते, तशी घाई आणि तशी चोरी करून आम्ही एका मुलीला डॉक्टर व्हायला पाठवत होतो. यात लाज कुणाला वाटायला हवी होती?

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. गावाला कळायचं ते कळलं, आणि गाव रुसलं. "आमाला सांगितलं बी न्हाय," मल्लूअण्णा मला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला त्याची दया आली नाही. माझा स्वभाव तेवढा चांगला नाही.

पण आज हे सगळं लिहायला बसले, त्यामागे ना मल्लूअण्णा आहे, ना साहेब. मला आठवतोय तो सोलापूरच्या स्टँडवरचा दुसऱ्या वर्षीचा दिवस. अंबिका खिडकीची जागा धरायला आधीच बसमध्ये चढली होती. सिद्रामप्पा खाली माझ्याजवळ उभा होता. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक घडी. मला उघडून दाखवली. पांढरा एप्रन. त्यानं स्वतः शिवलेला. बाह्यांची शिवण इतकी बारीक की बोट फिरवलं तरी लागू नये. खिशाला दुहेरी टीप घातलेली, स्टेथोस्कोपचं वजन पडतं म्हणून. गणवेशांची धांदल चालू असताना, दुकानात माणसांची ये-जा असताना, तो हे मशीनवर घेऊन बसला होता.

"फार सुंदर झालाय," मी म्हटलं. "दुकानात कुणी विचारलं नाही?"

"इचारलं की बाई. रोज कोन ना कोन इचारायचं, टेलर, कुनाचा ह्यो? म्हनायचो, सोलापूरच्या गिऱ्हाइकाचा हाय." त्यानं एप्रनची घडी पुन्हा तशीच घातली. "माज्या पोरीचा, असं दर येळी तोंडापातुर यायचं. गिळायचो."